भाषणातली भावकी

कमलाकररावांना भाषणासाठी एक परिच्छेद सापडला होता आणि तो पद्मजानेच त्यांच्या हातात दिला होता, ही खरी पंचाईत. दुसऱ्या कुणी दिला असता तर तिला निदान त्या माणसावर चिडता तरी आलं असतं. आता चिडायचं कुणावर, तर स्वतःच्याच जिभेवर.

पद्मजा सोलापुरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. नवरा अक्कलकोटच्या वाटेवरच्या एका साखर कारखान्याचा चेअरमन, आणि आता आमदारकीला उभं राहायच्या तयारीत. भवानी पेठेतलं त्यांचं घर सकाळपासून चपलांनी भरलेलं असायचं. एकदा जेवताना कमलाकरराव म्हणाले, "अगं, या समाजाला एक सांगा, त्या समाजाला दुसरं सांगा, जीव जातो माझा. सगळ्यांना लागू पडेल असं तुमच्या विज्ञानात काही नाही का?"

पद्मजा बिचारी खरंच खूश झाली. नवऱ्याने तिच्या विषयातलं काही विचारलं होतं, आणि ते पोटदुखीचं नव्हतं. वर्गात सांगते तसं तिने सांगितलं. प्रत्येकाला आईबाप दोन, आजी-आजोबा चार, त्यांच्या मागचे आठ. असं दुप्पट करत मागे गेलं की थोड्याच शतकांत पूर्वजांचा आकडा त्या काळच्या सगळ्या माणसांपेक्षा मोठा होतो. मग एवढे पूर्वज आणायचे कुठून? तर तीच माणसं पुन्हा पुन्हा येतात, तुमच्याही वंशात आणि माझ्याही. काही हजार वर्षं मागे गेलं की आज जिवंत असलेल्या सगळ्यांचे पूर्वज तेच.

"म्हणजे आपण सगळे भावकीतले," कमलाकरराव म्हणाले.

"हो. आणि म्हणूनच पुढारी काही वरून पडलेला नसतो. तो भावकीतलाच एक, बाकीच्यांनी पुढे उभा केलेला. त्याने दुःखाला सगळ्यात आधी जायचं आणि पंगतीला सगळ्यात शेवटी बसायचं."

पण तोवर कमलाकररावांनी पहिला अर्धा भाग मोबाईलमध्ये बोलून ठेवला होता. दुसरा अर्धा चालू असताना ते लोणचं मागत होते.

झालं. पुढच्या महिन्याभरात त्या अर्ध्या परिच्छेदाने जिल्हा पिंजून काढला. विणकरांच्या मेळाव्यात कमलाकररावांनी तो सुरुवातीला दोन तेलुगू वाक्यं जोडून म्हटला आणि म्हाताऱ्या विणकरांना मिठ्या मारल्या. अक्कलकोटला तो कानडीत झाला. एका शाळेच्या बक्षीस समारंभात, जिथे त्याचा काडीचाही संबंध नव्हता, तिथेही झाला. पोरं वैतागली, गुरुजींनी टाळ्या वाजवल्या. पद्मजा प्रत्येक व्यासपीठावर दुसऱ्या खुर्चीत बसून ऐकायची. आपल्या स्वयंपाकघरातली वाटी शेजारणीने हळदीकुंकवाला वाण म्हणून वाटावी, तसं तिला व्हायचं. घरी येऊन ती म्हणायची, "अहो, दुसरा अर्धा भाग कधी सांगणार?" ते म्हणायचे, "लोकांना लांबलेलं भाषण आवडत नाही."

हे सगळं तिने गिळलं असतं. गिळायची सवयही होती. पण मग बिरोबाच्या माळावरची सभा झाली.

कारखान्याच्या पुढच्या अंगाला मेंढपाळांची वस्ती होती. पूर्वी वस्तीतून एक पायवाट सरळ मागच्या माळावरच्या मसणवटीकडे जायची. तिथे त्यांची पिढ्यान् पिढ्यांची माणसं मातीत होती. कारखाना वाढला तशी जमीन घेतली गेली आणि ती वाट दोन्ही टोकांना कंपाउंडच्या उंच भिंतीने तुटली. आता मयत न्यायचं तर हायवेवरून, उसाच्या ट्रॅक्टरांमधून, कालव्याला वळसा घालून जावं लागायचं. गेल्या वर्षी एका बाईची तिरडी नेताना मागून ट्रक असा काही हॉर्न वाजवत आला की खांदेकरी शेताच्या चरात उतरले. भिंतीत वाट ठेवा म्हणून वस्तीने अर्ज केले, माणसं पाठवली. कमलाकरराव दर वेळी एकच शब्द म्हणाले, "बघू."

आणि त्या वस्तीपुढे उभं राहून या माणसाने काय बोलावं? वाटेबद्दल अवाक्षर नाही. परिच्छेद म्हणून झाला, टाळ्या पडल्या, भंडारा उधळला गेला. मग अंगात आल्यासारखे ते पुढे सरकले आणि पद्मजाने कधी न दिलेलं, त्यांचं स्वतःचं असं बोलून गेले, "तुमची पितरं ती माझी पितरं. या वस्तीत कुणी गेलं तर त्याचं सुतक या कमलाकरला आहे."

पुढच्या रांगेत श्रीमंत नावाचा म्हातारा काठीवर हनुवटी टेकून बसला होता. वस्तीतला सगळ्यात वडीलधारा, छाती भात्यासारखी वाजणारा. तो मुलाच्या आधाराने उठला, स्टेजजवळ आला. "म्हंजी मी तुजा थोरला भाऊ की रं," तो म्हणाला. कमलाकररावांनी माईक त्याच्याकडून स्वतःकडे वळवून सांगितलं, "थोरला भाऊच. आजपासून श्रीमंतआबा माझे थोरले बंधू." म्हाताऱ्याने त्यांच्या कपाळाला भंडारा लावला. शेजारी त्याची बायको मायाक्का उभी होती. तिने भंडारा लावला नाही, टाळी वाजवली नाही. ती नुसती बघत राहिली, बाजारात मेंढरू घेताना बघतात तशी.

परतताना गाडीत पद्मजा म्हणाली, "म्हाताऱ्याने ते खरं मानलंय."

"अगं, बोलायचं असतं ते," कमलाकरराव म्हणाले आणि झोपले.

नंतर महिनाही सरला नसेल, कारखान्याच्या बॉयलरचं अग्निप्रदीपन आलं. गळीत हंगाम सुरू व्हायच्या आधी चेअरमनने सपत्नीक होम करायचा आणि बॉयलरला अग्नी द्यायचा, ही रीत. मंत्री येणार होते. विणकर, शेतकरी, अक्कलकोटची मंडळी, सगळ्यांना बोलावणं होतं. कारखान्याच्या दारात कमान उभी होती आणि कमानीवर कमलाकररावांचा हात जोडलेला फोटो, खाली अक्षरं : आपण सारे एका रक्ताचे. सकाळी पद्मजा जड रेशमी साडीत गुदमरत, अंबाड्यात गजरा खोचत होती. होम सांगणारे गुरुजी घरूनच बरोबर जायचे म्हणून हॉलमध्ये चहा घेत होते. तेवढ्यात शिवलिंगप्पा आत आला.

शिवलिंगप्पा गेली कित्येक वर्षं कमलाकररावांचा सगळा कारभार बघायचा. गाडी, फोन, सभा, सतरंज्या, सगळं त्याच्याच अंगावर. घाम पुसत तो म्हणाला, "अण्णा, लई अडचण झालंय बघा. वस्तीवरचा बिरुदेव आलाय. श्रीमंतआबाचा पोरगा. अनवाणी आलाय, टावेल गुंडाळून, रस्त्यातच उभा हाय. आत या म्हटलं तर येईना. सांगावा हाय म्हणतोय."

अनवाणी माणूस सकाळी सांगावा घेऊन येतो आणि उंबरा ओलांडत नाही, याचा अर्थ कळायला काही पंचांग लागत नाही.

"थांब," कमलाकरराव दबक्या आवाजात म्हणाले. "काय सांगावा आहे ते बोलू नकोस. गुरुजी, ऐकलंच नाही तर?"

गुरुजी जुने जाणते होते. कप खाली ठेवून म्हणाले, "ऐकल्यापासून सुतक. ऐकलं नाही तोवर नाही." मग थोडा विचार करून म्हणाले, "आणि एकदा संकल्प सोडला, कार्याला सुरुवात झाली, की मध्ये काही कळलं तरी बाधा नाही. कार्य उरकून मग धरायचं. तसं सात पिढ्यांच्या पलीकडचं असेल तर नुसतं स्नान पुरतं."

"सात पिढ्या कसलं," शिवलिंगप्पा म्हणाला. "अण्णांनी थोरला भाऊ म्हटलंय, माईकवर. सगळ्यांच्या मोबाईलवर हाय ते."

"मग संकल्प," कमलाकरराव म्हणाले. "इथेच. आत्ता. शिवलिंगप्पा, टीव्ही लाव. भजन लाव काहीतरी, मोठ्याने."

पद्मजा आरशासमोर गजऱ्याची पिन दातात धरून हे ऐकत होती. गावचा पुढारी होऊ घातलेला साठीतला माणूस, आपल्या थोरल्या भावाचं मरण कानावर पडू नये म्हणून टीव्हीचा आवाज वाढवतोय. तिला हसू यायला हवं होतं. आलं ते नुसतं कंटाळ्याचं कढण, आतून उकळून वर आलेलं. लग्नापासून ती या माणसाचं बोलणं आणि करणं यांच्यात टाके घालत आली होती. आता तिची सुई झिजली होती.

तिने पिन टेबलावर ठेवली आणि सरळ बाहेर गेली.

बिरुदेव समोरच्या दुकानाच्या बंद शटरपाशी, उन्हात उभा होता. पस्तिशीतला गडी, डोळे तारवटलेले. तिला बघून तो दोन पावलं मागे सरला, अंगावर सावली पडू नये म्हणून.

"काकी," तो म्हणाला, "आबा गेलं. पाटंला."

काकी. आजपर्यंत तो तिला मॅडम म्हणायचा. पद्मजाने त्याच्या चेहऱ्यात टवाळी शोधली, आडपडदा शोधला. असता तर सोपं झालं असतं. तिथे फक्त बाप गेलेला माणूस होता.

"फोन केला असतास," ती म्हणाली, काहीतरी बोलायचं म्हणून.

"आय म्हनली, भावकीत फोन करत न्हाईत. मानूस जातं." त्याने टॉवेलने तोंड पुसलं. "आबा म्हनायचं, आता कमळाकर हाय, माजी काळजी न्हाय. चार दिस झालं त्येच बोलत हुतं. चुलत्यास्नी सांगा, काकी. त्ये आल्याबिगर माती न्हाय."

"कुठे ठेवलंय आबांना?"

"भिताडापाशी. वाट जितं तुटती तितं. आय म्हनली, थोरल्या भावाला हायवेनं न्ह्यायाचं का कसं, त्ये धाकल्यानं सांगावं."

आतून टीव्हीवरचं भजन रस्त्यावर येत होतं. शेजारचे दोन दुकानदार पायरीवर येऊन बघायला लागले. पद्मजाने बिरुदेवाला पाणी विचारलं नाही, कारण सांगावा घेऊन आलेला पाणी पीत नाही, हे तिलाही माहीत होतं. "थांब," ती म्हणाली. "आम्ही येतोच."

आत हॉलमध्ये कमलाकरराव पाटावर बसले होते. सोवळं नेसून, फेटा बांधून, तळहातावर पाणी घेऊन. गुरुजी इतक्या घाईने मंत्र म्हणत होते की शब्दांवर शब्द चढत होते. पद्मजाला बघताच त्यांनी मान हलवली. "वहिनी, या लवकर. उजवीकडे बसा. यजमानांच्या हाताला हात लावा, म्हणजे संकल्प सुटला."

पद्मजा उभीच राहिली.

"बस की," कमलाकरराव म्हणाले. बोटांच्या फटीतून पाणी गळत होतं.

"मला सुतक आहे," पद्मजा म्हणाली.

तिचा सुतकावर आयुष्यात कधी विश्वास नव्हता. सासू गेली तेव्हा तिने पाचव्या दिवशी कॉलेजात जाऊन बेडकाचा सांगाडा शिकवला होता आणि भावकीतल्या बायकांनी महिनाभर तिला नावं ठेवली होती. पण आज तो शब्द तोंडातून असा खणखणीत निघाला की तिचं तिलाच बरं वाटलं.

"तुला कसलं सुतक? काय बोलतेस?"

"तुमचे थोरले भाऊ पहाटे गेले. श्रीमंतआबा. आता ऐकलंत ना?" तिने टीव्ही बंद केला. "ऐकलंत?"

कमलाकररावांनी तळहातावरच्या पाण्याकडे बघितलं. ते आता तिथे नव्हतं.

"पद्मजा, अगं मंत्री निघालेत सोलापुरातून. ते भाषण होतं. भाषणात माणूस काहीही..."

"तुमच्याकडून मला आलंय हे सुतक. बाईला नवऱ्याच्या कुळाचं लागतं. माझं स्वतःचं काही म्हणणं नाही त्यात. तुम्ही कूळ जाहीर केलंत, मी फक्त लग्न केलंय."

गुरुजी खाकरले. त्यांना घरातली भांडणं चांगली ओळखता यायची. "तशी सोय आहे," ते हळूच म्हणाले. "पत्नी बसू शकत नसेल तर तिच्या जागी सुपारी ठेवता येते."

"आणा सुपारी," कमलाकरराव म्हणाले.

"आणा," पद्मजा म्हणाली. "आणि प्रचारालाही तीच न्या. खुर्चीत ठेवा माझ्या. सगळी भाषणं न कंटाळता ऐकेल."

शिवलिंगप्पाने मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते, पण तो रडत नव्हता. मग मान वर करून त्याने कामाचं सांगितलं. "अण्णा, खरं सांगू? कारखान्यावरून फोन आलाय. विणकर मंडळी, अक्कलकोटचं लोक, आधीच पोचल्यात. तुमच्या भाषणाच्या नादानं सगळी भिंतीकडं गेल्यात. तुमचं भाऊ म्हंजे आमचंबी भाऊच की, असं म्हणून तिरडीपाशी उभी हाईत. आता सुपारी घेऊन तुम्ही तिकडं गेला तर..."

कमलाकररावांनी फेटा सोडायला घेतला. पद्मजा आत गेली, रेशमी साडी पलंगावर टाकून साधी सुती नेसली आणि गजरा काढून देवघराबाहेर ठेवला. बाहेर आली तेव्हा ते गाडीत बसले होते, फेटा काढून, तोंड पाडून. बिरुदेव गाडीत बसायला तयार होईना. मयताच्या घरचा, शिवाशिव होईल, म्हणाला. "भावकीत कसली शिवाशिव?" म्हणत पद्मजाने त्याला दंडाला धरून आत घातलं. वाटेत शिवलिंगप्पाने मंत्र्यांच्या माणसाला फोन करून कार्यक्रम पुढे ढकलल्याचं कळवलं. दुःखद कारण, एवढंच म्हणाला. कुणाचं विचारल्यावर त्याने कमलाकररावांकडे बघितलं आणि म्हणाला, "अण्णांच्या थोरल्या भावाचं."

भिंतीपाशी खरंच गर्दी होती. जिथे पायवाट भिंतीला येऊन थडकत होती, तिथेच तिरडी टेकवलेली. म्हाताऱ्याच्या कपाळावर भंडारा. मायाक्का उशाशी बसली होती. गाडी थांबली तसं तिने डोईवरचा पदर सारखा केला.

"आलासा भावजी," ती म्हणाली.

कमलाकररावांनी हात जोडले, सगळ्यांकडे एक नजर फिरवली आणि घसा खाकरला. पद्मजाला तो आवाज ओळखीचा होता. सभेचा आवाज. "आज आपल्या सर्वांचा आधारवड..." त्यांनी सुरुवात केली.

"बोलनं मागनं," मायाक्का म्हणाली. "आदी खांदा द्या."

रडक्या आवाजात नाही, रागानेही नाही. पोराला पाटावर बसायला सांगावं तसं. कमलाकरराव बोलायचे थांबले. बहुधा पहिल्यांदाच कुणी त्यांचा परिच्छेद पहिल्या ओळीत मोडला होता. त्यांनी जोडे काढले आणि पुढच्या उजव्या बाजूला खांदा लावला. दुसऱ्या बाजूला बिरुदेव, मागे वस्तीतले दोघे. तिरडी उचलली गेली.

"आता कुनीकडं?" बिरुदेवाने विचारलं.

"हायवेने..." कमलाकरराव पुटपुटले.

"हायवेनं परकी जात्यात," मायाक्का म्हणाली. "तुमी तर घरचं. तुमची पितरं या भिताडाच्या पल्याड हाईत, तुमीच म्हनला. आपल्या पितरांकडं जायाला आपल्याच दारातनं जायाला काय झालं?"

मग ती तिरडी भिंतीच्या कडेकडेने पुढच्या दाराकडे गेली आणि स्वागताच्या कमानीखालून, कमलाकररावांच्याच हात जोडलेल्या फोटोखालून, कारखान्यात शिरली. बँडवाले गणवेश घालून उभे होते, त्यांनी वाद्यं खाली ठेवली. होमासाठी रचलेल्या विटा, फुलांच्या माळा घातलेलं बॉयलरचं तोंड, मंत्र्यांसाठी मांडलेले सोफे, सगळं मागे पडलं. जेवणाच्या मंडपातल्या आचाऱ्यांनी कढया झाकल्या. कारखान्याचं आवार केवढं मोठं आहे, हे कमलाकररावांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असावं. आजवर ते त्यात गाडीनेच फिरले होते.

मागच्या भिंतीशी येऊन मिरवणूक थांबली. पलीकडे माळ होता, मसणवट होती, सकाळीच खणून ठेवलेला खड्डा होता. अलीकडे भिंत होती. तिच्यात ना दार, ना खिडकी.

एकदा उचललेली तिरडी मध्येच खाली ठेवत नाहीत. विसावा एकदाच असतो आणि तो वस्तीपाशी होऊन गेला होता. मागचे दोघे बदलले, बिरुदेवाच्या जागीही त्याचा चुलतभाऊ आला. पण कमलाकररावांच्या कोपऱ्याला कुणी हात लावीना. तो थोरल्याच्या पाठच्या भावाचा खांदा, त्याच्या जागी कोण येणार? विणकर मंडळी बघत होती, अक्कलकोटची मंडळी बघत होती. ऊन चढत होतं. कमलाकररावांच्या खांद्याला बांबू रुतला होता, मानेवरून घाम ओघळत होता. ते भिंतीकडे बघत होते. ती त्यांनीच बांधून घेतली होती, ठेकेदाराला उंची वाढवायला सांगून.

त्यांनी पद्मजाकडे बघितलं. टाका घाल काहीतरी, असं त्या नजरेत होतं. पद्मजाने तोंड फिरवलं. तिला वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोला. त्या खांद्याचं दुखणं तिला दिसत होतं आणि आज रात्री तोच खांदा तिलाच शेकावा लागणार, हेही माहीत होतं. तरी तिने टाका घातला नाही.

"शिवलिंगप्पा," शेवटी कमलाकरराव कण्हल्यासारखं म्हणाले, "तो लोडर बोलव. पाड ते."

ऊस उचलायचा लोडर पूजेसाठी झेंडूच्या माळा घालून उभा केला होता. तो तसाच, माळा हलवत आला. भिंत एवढी उंच, पण दोन धक्क्यांत तिने मान टाकली. धूळ खाली बसली आणि पलीकडे पायवाट दिसली. गवत वाढलं होतं, पण वाट मोडली नव्हती. परिच्छेदाने जे झालं नव्हतं, अर्जांनी झालं नव्हतं आणि पद्मजाच्या सगळ्या प्राणिशास्त्राने झालं नव्हतं, ते एका दुखऱ्या खांद्याने झालं.

माती झाली. कमलाकररावांनी धाकट्या भावाच्या मानाने मुलामागोमाग मूठभर माती टाकली. परतल्यावर सगळ्यांनी कडुलिंबाचा पाला चावला. वस्तीत मायाक्काच्या दाराशी पद्मजा बायकांबरोबर बसली आणि कुणीतरी आणलेली पिठलं-भाकरी, तो कडू घास, तिनेही खाल्ला.

"जाऊबाई," मग मायाक्का म्हणाली, "आवसंला निवद घिऊन यायचं. पितरं दर आवसंला वाट बगत्यात."

"येते," पद्मजा म्हणाली.

"तुमी याल. मला भिताडाचं भ्या हाय. हुबं राहायला त्येला लई येळ लागत न्हाय."

पद्मजा उठली. ती कारखान्याच्या ऑफिसकडे परत आली, तर पायरीपाशी कमलाकरराव आणि शिवलिंगप्पा बोलत उभे होते. कमलाकररावांना थोडं बरं वाटू लागलं होतं. कुणीतरी त्यांचा खांदा दिल्याचा व्हिडिओ पाठवला होता आणि तो भराभर पसरत होता.

"...दहावा झाला की," ते म्हणत होते, "गवंडी लावून ते भगदाड बुजवून घे. अकराव्या दिवशी बॉयलर पेटवू. गुरुजींना विचारून मुहूर्त काढ."

पद्मजा तिथेच थांबली. इतकी दमली होती ती, की तिला ओरडावंसंही वाटेना. या माणसाचे पूर्वज दहा दिवसांच्या मुदतीचे होते.

"बुजवा," ती म्हणाली. "पण अकराव्या दिवशी होमाला सुपारी घेऊन बसा. मला सुतक असेल."

"अकराव्या दिवशी? अगं, दहाव्याला फिटतं ते."

"तुमचं फिटत असेल. माझं नाही फिटणार. पुढच्या वर्षीच्या बॉयलरलाही असेल आणि निवडणुकीचा अर्ज भरायच्या दिवशीही असेल. लोक विचारतील, वहिनी कुठेत, तर मी सांगेन, दीर गेलेत माझे, सुतकात आहे."

कमलाकररावांनी तिच्याकडे नीट बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती. ती कधी बोलते आणि कधी करते, एवढं त्यांना कळत होतं.

"आणि हे सुतक फिटणार तरी कधी?" त्यांनी वैतागून विचारलं.

"भिंत नसेल तेव्हा."

शिवलिंगप्पा एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होता. "अण्णा," तो म्हणाला, "मग गवंड्याला काय सांगू?"

"गेट बसव म्हणावं," कमलाकरराव म्हणाले. "मोठं. चार माणसं तिरडी घेऊन सरळ जातील एवढं."

"गेटला कुलूप असतं," पद्मजा म्हणाली.

कमलाकररावांनी मागे बघितलं. मागच्या बाजूला, भिंत पडली होती तिथून, माळावर चरणारी वस्तीतली मेंढरं आत येऊन झेंडूच्या माळा खाऊ लागली होती आणि वॉचमन त्यांना हाकलावं की नाही ते न कळून नुसताच उभा होता.

"बरं, मग दोन्हीकडे नुसती वाट ठेव," कमलाकरराव म्हणाले, आणि खांदा चोळत पायरीवर बसले.